लाईन गेली, लाईन लागली

'लाईन बंद आहे' हे तीन शब्दांचं वाक्य छत्रपती संभाजीनगराच्या परिसरात ऐकलं, तर बोलणारा कोण आणि कुठे उभा आहे हे कळल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. फुलंब्रीकडचा शेतकरी हे म्हणाला, तर विहिरीवरच्या मोटारीला वीज नाही. वाळूजच्या कारखान्यातून पाळी संपवून आलेला कामगार म्हणाला, तर गाड्यांची जुळणी थांबली आहे. सिडको-हडकोतल्या घरात हेच वाक्य निघालं, तर पैठण रस्त्यावर कुठेतरी मोठा पाइप फुटलेला असतो आणि आजचं पाणी पुढे गेलेलं असतं. कॉलेजच्या कट्ट्यावर एका मित्राने दुसऱ्याला ते सांगितलं, तर कुणा मुलीने त्याच्याशी बोलणं सोडलं आहे.

शब्द एकच, आणि तो इंग्रजी. पण यातले सगळे अर्थ इंग्रजीने दिलेले नाहीत. इंग्रजी कोशातही या शब्दाला दोरीपासून घराण्यापर्यंत डझनावारी अर्थ आहेत. तरी 'लाईन गेली' म्हणजे वीज गेली, किंवा 'पोरगा लायनीला लागला' म्हणजे त्याचं बस्तान बसलं, हे अर्थ लंडनच्या माणसाला समजावून सांगावे लागतील. हे अर्थ इथे तयार झाले, आणि ते कसे झाले याचा माग बऱ्याच अंशी काढता येतो.

पहिली गोष्ट व्याकरणाची. मराठीत नाव परकं असलं तरी क्रियापद आपलं असतं, आणि अर्थ तेच ठरवतं. लाईन जाते, येते, लागते, सुटते, फुटते, मिळते. लाईन लावतात, टाकतात, ओढतात, तोडतात, पकडतात, मारतात आणि देतात. यांतलं एक क्रियापद बदललं की विषयच बदलतो. लाईन 'टाकली' म्हणजे पाइप किंवा तार टाकली. लाईन 'लागली' म्हणजे माणसं उभी राहिली. लाईन 'मारली' म्हणजे प्रेमाचा एकतर्फी प्रयत्न झाला. दुसरी गोष्ट लिंगाची. इंग्रजीत या शब्दाला लिंग नाही. मराठीत तो आल्या आल्या स्त्रीलिंगी झाला, कारण ज्या घरात तो राहायला आला तिथे आधीपासून ओळ, रांग, रेघ, दोरी आणि तार नांदत होत्या, आणि त्या सगळ्या स्त्रीलिंगी. मग त्याला आपल्या विभक्तीही लागल्या: लायनीत, लायनीला, लायनीवरचा. अनेकवचन 'लायनी'. याच शहरात जुन्या वस्त्यांमधून दखनी बोलली जाते. तिने आपल्या नियमाने 'बातां', 'लोगां' यांच्या पंगतीला 'लाइनां' बसवलं. एका गल्लीत लायनी आणि पलीकडच्या गल्लीत लाइनां, असा हा शब्द दोन भाषांच्या व्याकरणांत एकाच वेळी रुळला आहे.

त्याचं मूळ पाहिलं तर ते मराठवाड्याला अनोळखी नाही. लॅटिनमध्ये 'लिनुम' म्हणजे जवस. जवसाच्या खोडाच्या धाग्यापासून वळलेल्या दोरीला 'लिनेआ' म्हणत, आणि त्यातून फ्रेंचमार्गे इंग्रजीत हा शब्द आला. युरोपाने जवसाच्या खोडाचा धागा काढून कापड विणलं. आपण दाण्याचं तेल काढलं आणि चटणी केली. ताणलेली दोरी सरळ असते, म्हणून दोरीचं नाव सरळ रेघेला मिळालं, आणि रेघेवरून रांगेला.

नेमका हाच प्रवास मराठीत सुताने केला आहे. गवंडी आणि सुतार सूत धरून सरळपणा पाहतात. 'सुतार' हा शब्दच 'सूत्रधार' या संस्कृत शब्दापासून आला, म्हणजे सूत धरणारा. वठणीवर आलेला माणूस 'सुतासारखा सरळ' होतो. आणि दोघांचं एकमेकांवर मन बसलं की त्यांचं 'सूत जमतं'. धागा, मग सरळपणा, मग प्रेम: लाईनने जी वाट घेतली ती सुताने आधीच चालून ठेवली होती. दोन्हींमधल्या एका मोठ्या फरकाकडे मी पुढे येणार आहे.

या भागात हा शब्द पोचला त्याच्या जुन्या वाटांपैकी एक लष्कराची. इंग्रजी फौजेत शिपायांच्या झोपड्या किंवा बराकी ओळीने बांधत आणि त्या वस्तीला 'लाइन्स' म्हणत. मुंबईचं मरीन लाइन्स हे नाव मरीन बटालियनच्या अशाच वस्तीचं. औरंगाबादेत, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरात, निजामाच्या खर्चाने आणि इंग्रज अधिकाऱ्यांच्या हुकमाने चालणारी हैदराबाद कंटिंजंट फौज होती, आणि तिची छावणी आजही 'छावणी' याच नावाने ओळखली जाते. फौजेचा शब्द पुढे पोलिसांकडे गेला. पोलिसांच्या घरांची वसाहत म्हणजे 'पोलीस लाईन', आणि तिथे लहानाची मोठी झालेली मुलं 'आम्ही लायनीतले' असं आपली ओळख सांगताना म्हणतात. इथे लाईन म्हणजे गाव. हिंदी पट्ट्यात शिक्षा म्हणून पोलिसाला ठाण्यातून काढून मुख्यालयात बसवतात त्याला 'लाइन हाज़िर' म्हणतात, तेही याच बराकीवरून.

पण सामान्य माणसाच्या तोंडी हा शब्द बसवला तो रेल्वेने. मनमाडहून औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारा मीटरगेज मार्ग हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेने बांधला आणि १९०० च्या सुमारास तो सुरू झाला. निजामाच्या राज्यातल्या शेकडो गावांसाठी 'लाईन' म्हणजे हा मार्ग. गाव लायनीवर आहे की लायनीपासून आत आहे, यावर बाजाराचे भाव ठरत, सोयरिकी ठरत, शिकायला कुठे जायचं ते ठरे.

हा मार्ग एकेरी होता, आणि एकेरी मार्गातून आजच्या बोलीतला एक ठसठशीत वाक्प्रचार निघाला: लाईन क्लिअर. एकेरी रुळावर दोन स्टेशनांच्या मध्ये एका वेळी एकच गाडी असली पाहिजे, नाहीतर समोरासमोर टक्कर ठरलेली. म्हणून दोन्ही स्टेशनांत एकमेकांना तारेने जोडलेली यंत्रं बसवत. या स्टेशनाचा मास्तर पुढच्या मास्तराकडे लाईन मोकळी आहे का असं विचारी. पुढच्याने संमती दिली तरच यंत्रातून धातूचा एक गोळा बाहेर येई. तो चामड्याच्या पिशवीत घालून, पिशवीला मोठं कडं लावून ड्रायव्हरच्या हाती देत. गोळा हाती आल्याशिवाय गाडी हलवायची नाही. न थांबणाऱ्या गाडीतून ड्रायव्हरचा सहकारी हात बाहेर काढून ते कडं धावत्या गाडीत झेलत असे. पुढच्या स्टेशनावर गोळा तिथल्या यंत्रात टाकला की मगच लाईन पुन्हा मोकळी. एका गोळ्यावर शेकडो जीव सुरक्षित ठेवणारी ही पद्धत मला माणसाने शोधलेल्या सुंदर व्यवस्थांपैकी एक वाटते, कारण तिच्यात एकट्याच्या हुशारीवर काहीच सोडलेलं नाही. दोन माणसांची संमती जुळल्याशिवाय यंत्रच गोळा सोडत नाही.

आज मुलीच्या वडिलांनी होकार दिला, की 'लाईन क्लिअर'. साहेबाची सही झाली, लाईन क्लिअर. पक्षातल्या प्रतिस्पर्ध्याने माघार घेतली, लाईन क्लिअर. बोलणाऱ्याला गोळा माहीत नसतो, पण अर्थ शाबूत आहे: पुढच्या टोकाकडून परवानगी आली, आता निघायला हरकत नाही. मनमाड-औरंगाबाद मार्ग १९९० च्या दशकात रुंद झाला, पण दुहेरीकरण फार रेंगाळलं. या शहरापासून परभणीपर्यंतच्या १७७ किलोमीटरच्या दुहेरीकरणाला केंद्राची मंजुरी मिळाली ती २०२५ मध्ये. समोरून गाडी यायची म्हणून कुठल्या तरी मधल्या स्टेशनावर थांबून राहणं मराठवाड्याच्या चार पिढ्यांनी अनुभवलं आहे, आणि लाईन मोकळी होण्याची वाट पाहणं हा त्यांच्यासाठी रोजचा व्यवहार होता.

टेलिफोनवर फार थांबायला नको. ट्रंक कॉलच्या दिवसांत 'लाईन मिळाली' म्हणजे नशीब उघडलं, 'क्रॉस लाईन' म्हणजे परक्याचं बोलणं कानावर आलं. मोबाइल आल्यावर हे अर्थ मागे पडले. 'लाईनवर राहा' तेवढं उरलं.

विजेचं मात्र तसं नाही. शहरी मराठीत वीज जाते तेव्हा 'लाईट गेली' म्हणतात. मराठवाड्याच्या खेड्यांतून 'लाईन गेली' हे तितकंच ऐकू येतं, आणि पुष्कळ ठिकाणी दोन्हींची वाटणी झालेली दिसते: घरात जाते ती लाईट, शेतात जाते ती लाईन. लाईट म्हणजे दिवा, तो घराचा. लाईन म्हणजे खांबांवरून येणारी तार, मोटार फिरवणारी ताकद, थ्री फेज. महाराष्ट्रात शेतीच्या वाहिन्यांना पाळीपाळीने वीज देतात, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. रात्रपाळीच्या आठवड्यात शेतकरी कुटुंबात एकच प्रश्न असतो: लाईन किती वाजता येणार? काळोखात, पायाखाली साप-विंचू, वर थंडी, आणि बारं द्यायला माणूस उभा. काहींनी मोटारीला 'ऑटो' बसवलेला असतो, म्हणजे लाईन आली की मोटार आपोआप सुरू होते. तरी पाणी वळवायला माणूस लागतोच. 'डीपी' जळली तर मग दिवसच्या दिवस लाईन नाही. सरकारी कागदावर तिला 'रोहित्र' म्हणतात, आणि लायनीला 'वीजवाहिनी'. दोन्ही शब्द चांगले घडवलेले आहेत. 'रात्रीची लाईन' या दोन शब्दांत जागरणाचा जो शीण आहे, तो मात्र वीजवाहिनीत उतरलेला नाही, कारण तो शब्द रात्री बांधावर कुणी बोललेलाच नाही.

या लायनीचा माणूस म्हणजे लाईनमन. महावितरणने त्याला 'जनमित्र' असं नाव दिलं. गावात तो लाईनमन किंवा वायरमनच राहिला. ४ मार्च हा दिवस देशात लाईनमन दिवस म्हणून पाळला जातो. खांबावर चढण्याआधी त्याने सबस्टेशनकडून 'परमिट' घ्यायचं असतं: अमुक लाईन बंद केली आहे, मी परत कळवेपर्यंत ती सुरू होणार नाही. शेजारच्या तेलंगणात याच परवानगीला 'एलसी' म्हणतात, म्हणजे पुन्हा तेच, लाईन क्लिअर. रेल्वेत लाईन क्लिअर झाली की गाडी सुटते. विजेत लाईन क्लिअर झाली की प्रवाह थांबतो. अर्थ उलटा वाटतो, पण दोन्हीकडे क्लिअर म्हणजे रिकामी. एकीकडे गाडीने रिकामी, दुसरीकडे विजेने. आणि दोन्हीकडे दुसऱ्या टोकाच्या माणसाने शब्द पाळला नाही, तर जीव जातो.

छत्रपती संभाजीनगरात लाईनमन मात्र दोन आहेत. एक विजेचा, दुसरा पाण्याचा. महापालिकेच्या पाणीपुरवठा विभागात व्हॉल्व्ह फिरवून वस्तीवस्तीत पाणी सोडणाऱ्यालाही इथे लाईनमनच म्हणतात, आणि कित्येक घरांत त्याचा फोन नंबर नातेवाइकांच्या नंबरांबरोबर लिहिलेला असतो. हा अर्थ या शहरात घट्ट रुजला आहे, आणि त्याला कारण आहे.

या शहराचा जन्मच पाण्याच्या सोयीने झाला. मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी वसवली आणि थोड्याच वर्षांत डोंगराकडचं भूजल जमिनीखालच्या बोगद्यांतून आणि मातीच्या खापरी नळांतून उताराने शहरात आणलं. नहर-ए-अंबरी ती हीच. पुढे अठराव्या शतकात पाणचक्कीला पाणी पुरवणारी नहर झाली. त्या काळी शहराच्या पाण्याचा शब्द 'नहर' होता. पंप नव्हता, वीज नव्हती. पाणी स्वतःच्या वजनाने येत होतं. शहर वाढलं, आणि पैठणजवळ गोदावरीवर जायकवाडीचं धरण झालं. लाल बहादूर शास्त्रींच्या हस्ते १९६५ मध्ये पायाभरणी, १९७६ मध्ये इंदिरा गांधींच्या हस्ते लोकार्पण. धरणाच्या जलाशयात, म्हणजे नाथसागरात, भरल्यावर सुमारे १०२ टीएमसी पाणी मावतं. शहर मात्र धरणापेक्षा उंचावर आहे, म्हणून पाणी उपसून, फारोळ्याला शुद्ध करून, नक्षत्रवाडीला चढवून आणावं लागतं. नहर गेली आणि लाईन आली.

तेव्हापासून या शहराची भाषा पाइपांच्या मापांत बोलते. सातशेची लाईन, म्हणजे ७०० मिलिमीटर व्यासाची. ती जुनी आणि वरचेवर फुटणारी. नवी लाईन २५०० मिलिमीटरची, माणूस आत ताठ उभा राहील एवढी. तिच्या योजनेचं भूमिपूजन १२ डिसेंबर २०२० रोजी झालं, तेव्हा खर्च १६८० कोटी रुपये सांगितला होता. पुढे तो २७४० कोटींवर गेला. दरम्यान शहरातल्या वस्त्यांना कित्येक वर्षं पाच-सहा दिवसांआड, कधी आठवड्याने पाणी मिळालं. धरण काठोकाठ भरलेलं असतानाही नळ कोरडे राहिले. इथे टंचाई पावसाची नसते, लायनीची असते. म्हणून 'आज आपल्या लायनीला पाणी आहे' या वाक्यात लाईन म्हणजे पाइप नव्हे, त्या पाइपवरची घरं: आपली गल्ली, आपले शेजारी, एकाच दिवशी भांडी भरणारे लोक. पोलिसांच्या लायनीत वसाहत आधी होती आणि नाव नंतर मिळालं. इथे पाइप आधी आला आणि त्याच्याभोवती शेजार तयार झाला.

आता माणसांच्या लायनीकडे. मराठीत यासाठी शब्द कमी नव्हते. पंढरपुरात विठ्ठलाच्या दर्शनासाठी उभे राहतात ती 'बारी', दर्शनबारी. जेवणाची ती पंगत. शाळेतली ती रांग. आणि टँकरपुढे माणूस उभं राहत नाही, हंडा उभा राहतो. तिथे 'नंबर लावतात'. मग लाईन कशाला शिरली? माझ्या मते तिने एक वेगळी जागा भरली. बारीत श्रद्धा आहे, पंगतीत आमंत्रण आहे, रांगेत शिस्त आहे. खिडकीपलीकडच्या माणसाच्या मर्जीवर अवलंबून असलेली ओळ जुन्या शब्दांत बसत नव्हती. रेशन, रॉकेल, दवाखान्याचा केसपेपर, तिकीट: जिथे खिडकी आली तिथे लाईन आली. ८ नोव्हेंबर २०१६ च्या नोटाबंदीनंतर बँकांसमोर ज्या लागल्या त्यांना बारी किंवा पंगत म्हणायचं कुणाच्या मनात आलं नाही.

आणि या शब्दाने खिडकी गेल्यावरही पिच्छा सोडला नाही. 'ऑनलाईन' हे आज मराठवाड्याच्या खेड्यात क्रियापद आहे. पीकविमा ऑनलाईन केला का? उत्पन्नाचा दाखला ऑनलाईन झाला का? २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे अर्ज भरताना बायकांनी महा ई-सेवा केंद्रांपुढे तासन् तास काढले, आणि 'ऑनलाईन करायला लाईन लागली' हे वाक्य त्या वर्षी गावोगाव साधेपणाने बोललं गेलं. तंत्रज्ञांच्या अर्थाने ऑनलाईन म्हणजे घरबसल्या. गावाच्या अर्थाने ऑनलाईन म्हणजे केंद्रावर जाऊन, पैसे देऊन, सर्व्हरची वाट पाहून केलेलं काम. गावाने दिलेला अर्थ अधिक प्रामाणिक आहे.

कारखान्यातली लाईन या सगळ्यांपेक्षा वेगळी. इतर ठिकाणी माणूस लायनीची वाट पाहतो. इथे लाईन माणसाची वाट पाहत नाही. हेन्री फोर्डने १९१३ मध्ये हायलंड पार्कच्या कारखान्यात सरकती जुळणी आणली आणि मोटारीचा सांगाडा जुळवण्याचं साडेबारा तासांचं काम काही महिन्यांत सुमारे दीड तासावर आणलं. कामगार जागच्या जागी, काम त्याच्यासमोरून सरकत जाणार. वाळूजला बजाज ऑटोचा कारखाना १९८५ मध्ये सुरू झाला, आणि गंगापूर, पैठण, कन्नड, वैजापूरकडची शेतकऱ्यांची मुलं लायनीवर उभी राहिली. 'कुठे आहेस?' 'लायनीला.' म्हणजे स्टोअरला नाही, ऑफिसात नाही. जिथे दर काही सेकंदांनी तोच बोल्ट आवळायचा, तिथे. लघवीला जायचं तर 'रिलीव्हर' यावा लागतो, त्याशिवाय जागा सोडता येत नाही. याच मुलांच्या घरी रात्रीच्या लायनीची वाट पाहणारे बाप होते. एका घरात एका शब्दाचे दोन अर्थ, आणि दोन्ही झोपेचे वैरी.

तरीही गावाने त्या मुलाबद्दल बोलताना म्हटलं, 'पोरगा लायनीला लागला.' इथे लाईन म्हणजे कारखान्याची पट्टी नव्हे, आयुष्याची वाट. मराठीत 'मार्गी लागणे' होतंच, त्याच्या शेजारी हे उगवलं. याचीच भावंडं पुष्कळ: 'लायनीवर आला' म्हणजे सुधारला, 'भलत्याच लायनीला लागला' म्हणजे बिघडला, 'आपली लाईन नाही ती' म्हणजे ते आपलं क्षेत्र नव्हे. क्षेत्राचा हाच अर्थ शिक्षणात गेला. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५० मध्ये इथे मिलिंद महाविद्यालय सुरू केलं, १९५८ मध्ये विद्यापीठ झालं, आणि मराठवाड्याच्या सगळ्या जिल्ह्यांतून मुलं या शहरात यायला लागली. दहावीनंतर घरातला पहिला प्रश्न 'कोणती लाईन घेतली?' ज्या घरात शिकलेली ही पहिलीच पिढी, तिथे या प्रश्नाला फार वजन असतं. आई-वडिलांना अभ्यासक्रम माहीत नसतो. त्यांना एवढंच ठाऊक असतं की ही वाट कुठेतरी पोचते, आणि मध्ये सुटली तर पोराला परत शेतात यावं लागेल.

आणि आता ती मारण्याची लाईन, जिच्यामुळे सभ्य घरांत हा शब्द जरा दबक्या आवाजात उच्चारला जातो. मुलगा मुलीवर लाईन मारतो. तिने हसून पाहिलं तर ती लाईन देते. काही टोळक्यांत तर मुलगीच 'लाईन' होते: 'ती त्याची लाईन आहे.' हे सगळं मुलांच्या बाजूने घडलेलं बोलणं आहे. मुली हे क्रियापद वापरतात ते तक्रार करताना: 'तो लाईन मारतो.'

सुताबद्दल जो फरक सांगायचा राहिला होता तो इथे आहे. सूत जमतं. ते कुणी कुणावर मारत नाही. जमणं हे दोघांचं असतं, त्याला कर्ता एकटा नसतो. लाईन मारली जाते. एक मारणारा, दुसरी जिच्यावर मारली ती. तिची इच्छा या क्रियापदात कुठेच नाही, आणि म्हणूनच या शब्दाने फार मोठं नुकसान केलं आहे. बसथांब्यापासून क्लासपर्यंत रोज मागे येणं, नंबर मिळवून सतत मेसेज करणं, नकार दिल्यावरही वाट अडवणं: या सगळ्याला 'लाईन मारतोय' म्हटलं की ते वयाचं खेळकर वागणं ठरतं आणि मुलीला 'लक्ष देऊ नकोस' असं सांगून प्रकरण मिटवलं जातं. कायद्याने २०१३ मध्ये भारतीय दंड संहितेत ३५४-ड हे कलम घालून अशा पाठलागाला गुन्हा ठरवलं. १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ मध्ये आहे. खेड्यातली मुलगी बारावीनंतर शहरात शिकायला येते की नाही, हे पुष्कळदा या एका गोष्टीवर अडतं. लाईन मारण्याच्या भीतीने तिचीच लाईन बंद होते. रेल्वेने शिकवलेला नियम इथे हवा होता: दुसऱ्या टोकाची संमती आल्याशिवाय गाडी हलवायची नाही.

आता कोशाकडे. दाते आणि कर्वे यांच्या संपादनाखाली निघालेल्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड १९३२ ते १९३८ या काळात प्रसिद्ध झाले. तेव्हा वाळूजला कारखाना नव्हता, जायकवाडी नव्हतं, विहिरीवर मोटार नव्हती. त्यानंतरच्या नव्वद वर्षांत या शब्दाला जे अर्थ फुटले ते कोशांपेक्षा लोकांच्या तोंडी अधिक आहेत, आणि बोलणाऱ्या पिढ्यांबरोबर ते जातील. गोळा झेलणारा ड्रायव्हरचा सहकारी निवृत्त झाला. 'लाईन क्लिअर' कशावरून आलं हे सांगणारी माणसं कमी होत चालली आहेत. उद्या शेतीला पूर्ण वेळ दिवसा वीज मिळाली, आणि ती मिळावीच, तर 'रात्रीची लाईन' म्हणजे काय हे नातवंडांना विचारावं लागेल.

म्हणून एक विनंती. तुमच्या गावात हा शब्द कोणकोणत्या क्रियापदांबरोबर येतो ते लिहून ठेवा. नुसता शब्द नको. पूर्ण वाक्य, बोलणाऱ्याचा व्यवसाय, गावाचं नाव आणि वर्ष. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, लाईनमनला विचारा, स्टेशनावर नोकरी केलेल्या एखाद्या आजोबांना विचारा. पुढचा कोश करणाऱ्यांच्या हाती अशी टाचणं पडली, तर 'लाईन' या नोंदीखाली 'स्त्रीलिंगी, इंग्रजीतून आलेला' एवढंच लिहून त्यांना थांबता येणार नाही.